मरणाचे कारण : मावळच्या दप्तरातला न वाचलेला रकाना

सप्टेंबर 2023 नंतर राज्यभरच्या तहसील कार्यालयांत जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली आणि एरवी कोणी हात लावत नाही अशा वह्यांची पाने एकेक करून उलटली गेली. या शोधात फार उपयोगी पडलेला एक कागद म्हणजे गाव नमुना 14, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावात कोण जन्मले आणि कोण मेले, याची ही वही. मयताचे नाव, वय, जात आणि मरणाचे कारण तिच्यात लिहिलेले असते. वाचणाऱ्यांचे बोट जातीवर थांबत होते, कारण काम तेवढेच होते. मरणाच्या कारणासाठी कोणी आले नव्हते.

मला त्या दुसऱ्या रकान्याविषयी लिहायचे आहे. मावळ तालुका आणि लोणावळा हा टापू त्यासाठी मुद्दाम निवडला. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातली भातशेतीची खेडी, मधून गेलेला मुंबई-पुणे लोहमार्ग, हवा बदलायला येणाऱ्या मुंबईकरांचे गाव, आणि आता द्रुतगती मार्ग व कारखाने, हे सारे इथे एका तालुक्यात आहे. माणसे कशाने मेली, याचा दीडशे वर्षांचा इतिहास शोधताना जितक्या अडचणी येऊ शकतात, तितक्या सगळ्या इथे भेटतात.

ढोबळ कथा सर्वांना माहीत आहे. पूर्वी माणसे पटकी, देवी, प्लेग आणि तापाने मरत. आता हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि अपघाताने मरतात. ही कथा खोटी नाही. पण नोंदवहीतला शब्द बदलला म्हणजे आजार बदलला, असे दरवेळी नसते. लिहिणारा बदलला, रकाना बदलला, नोंदीवर काही पैसे मिळू लागले किंवा नोंदीने काही संकट येऊ लागले, तरी शब्द बदलतो. म्हणून या रकान्याचा अभ्यास रोगापासून सुरू करून चालत नाही. तो लिहिणाऱ्यापासून सुरू करावा लागतो.

इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात मृत्यूंची नियमित नोंद सुरू झाली, तेव्हा खेड्यात कारण सांगणारा माणूस डॉक्टर नव्हता. गावकामगार खबर आणी, पाटील ती मान्य करी, कुलकर्णी किंवा तलाठी लिही आणि महिन्याचा गोषवारा तालुक्याला जाई. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून इलाख्याच्या आरोग्य आयुक्ताला. वरून आलेले रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण आणि आव, इजा, इतर. इजेच्या पोटात आत्महत्या, जखमा, सर्पदंश आणि हिंस्र श्वापदे. प्लेगचा रकाना 1896 नंतर आला. या चौकटीत न बसणारे मरण बसवण्याची जबाबदारी पाटलाच्या तर्कावर होती.

तो तर्क सरसकट टाकाऊ मानणे चूक आहे. पटकी आणि देवी या दोन रोगांची ओळख खेड्यातल्या माणसाला पक्की होती. चोवीस तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस कोरडा पडला, डोळे खोल गेले, तर ती पटकी. तिच्यासाठी गावाबाहेर जरीमरीचे ठाणे होते. अंगावर फोड आले तर 'देवी आल्या'. तिच्यासाठी शितळाई होती. ज्या रोगाला गावाने देवता नेमून दिली, तो रोग ओळखताना गाव सहसा चुकत नसे. म्हणून पटकीचे आणि देवीचे जुने आकडे एकूण संख्येत कमी असतील, पण त्यांचे चढउतार विश्वास ठेवावा असे आहेत. देवीचा आलेख तर शेवटापर्यंत वाचता येतो. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या लहान मुलीला लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस मानतात. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1975 मध्ये, भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. एखादा रकाना कायमचा रिकामा होतो, असे या साऱ्या इतिहासात एकदाच घडले आहे.

खरी अडचण 'ताप' या शब्दाची आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नोंदींत निम्म्याहून अधिक मृत्यू या एका शब्दात कोंबलेले दिसतात. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, क्षयाची अखेरची अवस्था, बाळंतरोग, कधी गोवर, कधी नुसती उपासमार, सगळे त्यात. माणूस मरण्याआधी अंग तापले होते, एवढेच या शब्दातून कळते. तरीही इतिहासकारांनी याच शब्दातून बरेच काही काढले आहे, आणि ते कसे काढले हे समजून घेण्यासारखे आहे.

1918 चे उदाहरण घेऊ. त्या वर्षीचा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी, जीवघेणी लाट आली. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यूंची नोंद झाली. पाऊस त्याच वर्षी फसलेला. रोग रेल्वेने पसरला, आणि मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग मावळाच्या मधोमध जातो. पण खेड्यातल्या वहीत इन्फ्लुएन्झाचा रकाना कुठे होता? मृत्यू तापात गेले, थोडे छातीच्या रोगांत. मग अभ्यासकांनी सरळ बेरीज-वजाबाकी केली. आधीच्या काही वर्षांत याच महिन्यांत तापाचे सरासरी किती मृत्यू होत, ते काढले आणि 1918 च्या आकड्यातून वजा केले. वर उरले ते साथीचे. सुरुवातीचा सरकारी अंदाज सबंध देशासाठी साठ लाखांचा होता. आय. डी. मिल्स यांनी 1986 मध्ये मुंबई इलाख्याच्या आकड्यांवरून हिशेब मांडला तो एक कोटी सत्तर-ऐंशी लाखांपर्यंत गेला. सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये नव्याने मोजणी केली, ती सुमारे एक कोटी चाळीस लाखांवर आली. साठ लाख कुठे आणि पावणेदोन कोटी कुठे! इतका फरक पडतो, कारण मूळ वहीतला शब्द 'ताप' आहे आणि अनेक गावांत लिहिणाराच आजारी पडला किंवा गेला, तिथे तोही शब्द लिहिला गेला नाही. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असे दशक पुन्हा आलेले नाही.

त्याआधीच्या प्लेगची गोष्ट वेगळी आहे. तिथे शब्द ठाऊक होता, पण तो उच्चारायची भीती होती. 1897 मध्ये पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत आणि घरातले सामान आगीत, असा तो बंदोबस्त. त्याच कारभाराच्या संतापातून 22 जून 1897 ला या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. अशा वेळी घरात कोणी गेले तर 'गाठ आली होती' असे कोण सांगणार? प्लेगचे मरण लपवले गेले, तापाचे म्हणून सांगितले गेले, रात्रीतून उरकले गेले. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी प्लेगने गेल्या हे आपल्याला निश्चित माहीत आहे, कारण त्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि लोक त्यांना ओळखत होते. त्याच महिन्यात गेलेल्या कितीतरी बायांच्या मरणाचे कारण त्यांच्याच घरच्यांनी भीतीपोटी बदलून सांगितले असणार. तेव्हा प्लेगचा रकाना फुगला की रोग वाढला असे म्हणता येते. पण तो आटला की रोग आटला, असे म्हणता येत नाही. शेजारच्या तापाच्या रकान्याकडे आधी पाहावे लागते.

दुष्काळात आणखी एक अडचण. 'भूक' असा रकानाच नव्हता. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत माणसे मेली ती कागदावर पटकीने, हगवणीने आणि तापाने मेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अध्यापन केलेले अरूप महारत्न यांनी दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रावर काम केले आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते की मृत्यूंचा कळस अनेकदा दुष्काळ ऐन भरात असताना येत नाही. पाऊस परतल्यावर येतो. पाण्यासोबत डास येतात आणि उपासाने खंगलेल्या शरीराला हिवताप झेपत नाही. वही वाचणाऱ्याला तिथे फक्त पावसाळ्यातला ताप दिसतो. त्या तापाच्या मागे गेल्या वर्षीचे रिकामे कणगे असते.

लहान मुलांच्या नोंदींविषयी मला विशेष आस्था आहे. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, हा आपल्याकडचा समज. त्या रात्रीची इतकी धास्ती का, याचे एक उत्तर नवजात धनुर्वातात असावे असे मला वाटते. कोयत्याने किंवा विळ्याने नाळ कापली, वर राख-शेण लावले, की त्या जखमेतून जंतू शिरतात आणि साधारण चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाळाचा जबडा आवळतो, दूध सुटते, झटके येतात. जुन्या नोंदींत 'झटके' किंवा 'इतर' असे काही लिहून हे मरण संपते. बरेचदा नोंदच नाही: नाव ठेवण्याआधी गेलेल्या बाळाची खबर द्यायला कोण जातो? गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे हा रोग हटला. 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. आपल्या आजीच्या किती भावंडांना तो घेऊन गेला, हे मात्र कुठल्याच वहीतून मोजता येणार नाही.

वह्यांच्याही आधीचे एक मोठे मरण या टापूच्या डोंगरात गाडलेले आहे. बोरघाटातला लोहमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे, उभे कडे, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. दूरदूरच्या मुलखांतून आलेली ही माणसे डोंगरउतारावरच्या झोपड्यांत राहत, तिथे पटकी शिरली की झोपडीच्या झोपडी रिकामी होई. मृतांची संख्या हजारांत सांगतात. नावे कोणाचीच नाहीत. नाव माहीत आहे ते कंत्राटदाराचे. सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या मरणाचे कारण कुठे पटकी, कुठे हगवण असे लिहिलेले सापडते. त्याच्यामागे त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पार पाडले. मालकाच्या मरणाविषयीही लिहिणाऱ्यांचे एकमत नाही, तिथे सुरुंगवाल्याची आणि पाटीवालीची काय कथा! वडगावला इष्टुर फाकड्याची, म्हणजे जानेवारी 1779 मध्ये कार्ल्याला पडलेल्या कॅप्टन जेम्स स्ट्युअर्टची समाधी आहे. शत्रूच्या सेनाधिकाऱ्याचे मरण मावळाने अडीचशे वर्षे लक्षात ठेवले. घाटातले मजूर मात्र लोकस्मृतीतही उतरले नाहीत.

लोणावळ्याच्या नोंदी वाचताना एक नियम सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो, माणूस राहतो तिथे नव्हे. लोणावळा-खंडाळ्याची हवा छातीच्या रोग्यांना मानवते अशी मुंबईकरांची जुनी समजूत. प्रतिजैविके येण्यापूर्वी क्षयावर हवा, विश्रांती आणि दूध-अंडी यांपलीकडे उपाय नव्हता, म्हणून ज्यांना परवडे ते बंगल्यांत आणि आरोग्यभुवनांत येऊन राहत. त्यांतले जे परत गेले नाहीत ते लोणावळ्याच्या वहीत आले. अशा गावाचा क्षयाचा आकडा पाहून इथली हवा वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो नेमका उलटा ठरेल. आज गंगा उलट वाहते. मावळातल्या खेड्यातला गंभीर रोगी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससूनमध्ये जातो, आणि तिथे गेला तर त्याची नोंद त्या शहरात होते. हृदयविकार, कर्करोग, मेंदूतला रक्तस्राव ही कारणे शहराच्या खात्यात जमा होतात. गावच्या वहीत उरतात ते घरी गेलेले, ज्यांच्यापुढे 'वृद्धापकाळ' लिहिलेले असते. एकट्या ग्रामपंचायतीचे रजिस्टर पाहून मावळात अजून लोक म्हातारपणानेच मरतात, असे वाटेल. दोन्ही वह्या एकत्र ठेवून, मयताच्या कायमच्या पत्त्याने पुन्हा लावल्या, तरच तालुक्याचे खरे चित्र निघेल. हे काम अवघड नाही, कारण कायमचा पत्ता फॉर्मवर असतो. ते कोणी करायला हवे, इतकेच.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने देशभर एकच पद्धत आणली आणि खेड्यात निबंधकाची जबाबदारी ग्रामसेवकावर आली. त्याआधीच्या दोन दशकांत गावाचे लिहिणारे हात झपाट्याने बदलले होते. कुलकर्णी वतन गेले, महार वतन गेले, मुलकी पाटलाचे पद गेले, 1967 च्या कायद्याने पोलिस पाटील नव्याने आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पायांनी मरणाची खबर चावडीवर जात होती, ते वेठीच्या कामातून मोकळे झाले. न्यायाच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण आकड्यांचा अभ्यास करणाऱ्याने या वर्षांवर खूण करून ठेवावी. त्या सुमारास एखाद्या गावात मृत्यू एकदम घटलेले दिसले, तर लोक जगू लागले की खबर देणारा थांबला, हे आधी तपासावे.

मृत्यूच्या खबरेचा जो फॉर्म आज भरतात, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. वैद्यकीय मदत कोणत्या प्रकारची मिळाली, कारण डॉक्टरने प्रमाणित केले का, रोगाचे नाव किंवा प्रत्यक्ष कारण काय, बाई असेल तर गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर सहा आठवड्यांत गेली का, बिडी-सिगारेट ओढण्याची, तंबाखू खाण्याची, सुपारीची, दारूची सवय होती का आणि किती वर्षे. तंबाखूने या तालुक्यात किती माणसे नेली, हे सांगू शकेल असा हा कागद आहे. प्रत्यक्षात खिडकीशी घाईत उभा असलेला पुतण्या 'नाही, नाही' म्हणत जातो आणि भरणाराही पुढे सरकतो, कारण दोघांनाही हवा असतो तो दाखला. त्या दाखल्यावर मरणाचे कारण छापले जात नाही. 1969 च्या कायद्यानेच ते उघड करायला मनाई केली. हेतू चांगला होता. क्षय, महारोग, आत्महत्या यांचा डाग घरावर राहू नये. पण त्याचा एक परिणाम असा झाला की कारण काय लिहिले आहे, याची पर्वा घरच्यांना उरली नाही.

दाखला हवा असतो वारसनोंदीसाठी. मावळात गुंठ्याचे भाव चढले तसे जुने मृत्यूही कागदावर येऊ लागले: सातबारावर नाव असलेला आजोबा गेला त्याला वीस वर्षे झाली, आता त्याची नोंद करायची, कारण 'वृद्धापकाळ'. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांच्या मरणाची अशी आठवण कोणालाच होत नाही. सुना, लहान मुली, आणि वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेली कातकरी माणसे यांत येतात. पावसाळ्यापूर्वी गावी परतलेल्या कातकरी कुटुंबात एक माणूस कमी असला तरी ते कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या वहीत शोधायचे? मला यातले सर्वांत मोठे वैगुण्य हेच वाटते. नोंदीतली गाळणी जमिनीच्या मापाने लागलेली आहे.

पैशाचा उलटा परिणामही दिसतो, आणि तो अभ्यासाला उपकारक आहे. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे अशा मृत्यूंसाठी वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी सहसा पंचनामा आणि शवविच्छेदन लागते. भाताच्या खाचरात सापावर पाय पडून, मांत्रिकाकडून परत येताना गेलेला माणूस पूर्वी नुसता 'अकस्मात' असे. आता त्याच्या मरणाचे कारण कागदावर नीट येण्याची शक्यता वाढली. तरीही किती सुटतात, याचा अंदाज देशपातळीवरच्या 'दहा लाख मृत्यूंचा अभ्यास' या प्रकल्पाने दिला. 2005 या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे 46 हजार माणसे गेली असे त्यातून निघाले. सरकारी आकडा याच्या कित्येक पटींनी कमी होता. विंचवाची हकिकत तर आपल्या सह्याद्रीचीच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने माणूस हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन कसा मरतो, हे रोग्यांच्या उशाशी बसून टिपले आणि प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आणले. एका तालुक्याच्या दवाखान्यात मरणाचे कारण कोणी नीट लिहिले, म्हणून जगभरच्या उपचाराची दिशा बदलली.

कोविडमध्ये हाच प्रश्न घरोघरी आला. चाचणी झाल्यापासून तीस दिवसांत गेलेल्या माणसाचा मृत्यू कोविडचा मानावा, अशी व्याख्या सप्टेंबर 2021 मध्ये आली आणि त्यापाठोपाठ वारसांना पन्नास हजार रुपयांची मदत. तोवर 'न्यूमोनिया' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिलेले कागद घेऊन लोक दुरुस्तीसाठी फिरू लागले. मदतीसाठी आलेले अर्ज महाराष्ट्राच्या अधिकृत मृत्युसंख्येपेक्षा जास्त भरले. पुढच्या शतकातला अभ्यासक 2021 चा उन्हाळा वाचेल तेव्हा 1918 ची वजाबाकी त्याला पुन्हा करावी लागेल.

'हृदयक्रिया बंद पडून' या शब्दांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंद पडलेली असते. हे कारण नव्हे. ती मरणाची रीत झाली. डॉक्टरांसाठीचा फॉर्म म्हणूनच साखळी विचारतो: तात्काळ कारण काय, ते कशामुळे, आणि त्याच्या मुळाशी काय. मूत्रपिंडे निकामी, ती मधुमेहामुळे, असे लिहिले तर मधुमेह मोजला जातो. नुसते 'हृदयक्रिया बंद' लिहिले तर काहीच मोजले जात नाही. 2020 मध्ये देशात सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी अवघ्या 22.5 टक्क्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. त्या प्रमाणितांत 32.1 टक्के हृदय व रक्ताभिसरणाचे. यात खरा हृदयविकार किती आणि सोयीचा शब्द किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. शेजारच्या गोव्यात नोंदलेला जवळजवळ प्रत्येक मृत्यू वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतो. राज्य लहान आहे हे मान्य, पण मावळ तालुका गोव्यापेक्षाही लहान आहे.

डॉक्टर नसेल तिथे काय करावे, यावर महाराष्ट्राने चांगले काम केले आहे. 1960 च्या दशकात निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत घरच्यांना लक्षणे विचारून कारण ठरवण्याची योजना सुरू झाली. तिच्यातही 'वार्धक्य' हा मोठा ढिगारा उरलाच. पुढे प्रश्नावली सुधारली आणि घरच्यांच्या सांगण्यावरून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवू लागले. याला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या प्रत्येक बाळाच्या मरणाची अशी चौकशी केली. 2001 च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने सरकारी बालमृत्यू किती कमी नोंदले जातात हे दाखवले आणि विधिमंडळापर्यंत खळबळ उडवली. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2002 पासून परिसरातल्या गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणे टिपली. भीमेकाठी जे झाले ते इंद्रायणीकाठी का होऊ नये?

अपघातांकडे येतो. मावळच्या आजच्या मरणांत जे डोळ्यांत भरते ते पाणी आणि रस्ता. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघे गेले. द्रुतगती मार्गावर 2016 या एका वर्षात 151 जणांचा बळी गेला. पुढे कठडे, वेगमर्यादा, तातडीची वैद्यकीय मदत यांवर काम झाले आणि 2020 चा आकडा 66 वर आला. मात्र ते टाळेबंदीचे वर्ष होते, म्हणून श्रेय देताना हात थोडा आवरता घ्यावा. ही मरणे पोलिसांमुळे लपत नाहीत. तरी वहीत 'बुडून' किंवा 'वाहन अपघात' एवढेच येते. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ पवना जलवाहिनीच्या विरोधात रस्त्यावर उतरलेले तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यांच्या नोंदीत फार तर गोळीची जखम येईल. पाणी आणि जमीन हे शब्द येणार नाहीत. कुठलाच रकाना तिथवर पोहोचत नाही. तिथे वर्तमानपत्र, न्यायालयाचे कागद आणि लोकांची आठवण शेजारी ठेवून वाचावे लागते.

एवढ्या आढाव्यानंतर माझे मत असे आहे. मावळच्या जुन्या वह्यांतले आकडे एकेका गावासाठी कच्चे आहेत, पण तालुकाभर आणि दशकभर एकत्र केले तर बोलके होतील. पटकी-देवीवर भरवसा ठेवता येईल, तापाची वजाबाकी करावी लागेल, 'इतर' आणि 'वृद्धापकाळ' यांना हात लावू नये. आणि हे करण्याची वेळ आत्ताच आहे, कारण वह्या नुकत्याच उघडल्या आहेत, मोडी वाचणारे हात अजून आहेत, आणि बऱ्याच पानांची छायाचित्रेही काढली गेली आहेत. जातीच्या रकान्यासाठी जे पान वाचले, त्याच पानावरची आणखी दोन अक्षरे टिपून घ्यायला वेगळा रुमाल सोडावा लागत नाही. पुणे विद्यापीठाच्या इतिहासाच्या किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका मावळापुरते हे हाती घ्यावे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. ती मागून घ्या आणि वाचा. 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले असेल, तर मुळाशी काय होते ते डॉक्टरांना विचारा. माणूस घरी गेला असेल तर ग्रामपंचायतीत खबर देताना आजाराचे नाव सांगा, तंबाखूची वर्षे खरी सांगा, आणि घरातले लेकरू गेले असेल तर त्याचीही नोंद करा, नाव ठेवले नसले तरी.